टाकणे आणि सोपवणे



काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपली, लोक घरोघरी गेले, पण आपल्याच धर्मग्रामातील एक गृहस्थ चर्चच्या आवारात निंबाच्या झाडाखाली थांबून राहिले होते. मी जवळ गेल्यावर म्हणाले, "सर, एक विचारायचं होतं. आईला मी सिस्टरांच्या वृद्धाश्रमात ठेवलं. मी पाप केलं का?"

त्यांचे नाव सांगत नाही. हा प्रश्न एकाच घराचा राहिलेला नाही, म्हणून सांगण्याची गरजही नाही. त्यांच्या आईचे वय ऐंशीच्या पुढे. तीन वर्षांपासून विसर पडू लागला. आधी चष्मा, मग औषधे, मग नातवंडांची नावे. पुढे पुढे रात्री दोन वाजता उठून, पिशवीत लुगडे भरून, "माहेरी जाते" म्हणून दाराची कडी काढू लागली. ते माहेर उठून चाळीस वर्षे झाली होती. गृहस्थ नोकरीला, मुले पुण्याला. सर्व भार त्यांच्या पत्नीवर. सासूला उचलता उचलता तिच्या पाठीचा मणका सरकला आणि ती स्वतःच अंथरुणाला खिळली. तेव्हा कुठे त्यांनी आईला धर्मभगिनींकडे नेले. त्यानंतरच्या रविवारी चर्चच्या फाटकाजवळ कुणीतरी त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "आईला टाकून आला."

मी त्यांना त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. खरे सांगायचे तर, ते शब्द मी उच्चारले नव्हते, पण मनात माझ्याही तेच आले होते. त्या ओशाळेपणातून हा लेख लिहीत आहे.

ज्यांच्याकडून ही आज्ञा आपल्याला मिळाली

मातापित्यांचा मान राखण्याची चौथी आज्ञा आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली. ही आज्ञा आपल्याकडे ज्यू लोकांकडून आली. प्रभू येशू, पवित्र मरिया, संत योसेफ ही सर्व ज्यू माणसे. तेव्हा त्या आज्ञेचा अर्थ त्यांच्या शास्त्र्यांनी कसा लावला हे पाहणे आपल्या हिताचे आहे.

ज्यू लोक आपल्याला परके नाहीत. कोकणातील बेने इस्रायल समाज शतकानुशतके मराठी बोलत आला. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेलाचा घाणा चालवीत, पण शनिवारी, म्हणजे शब्बाथाच्या दिवशी, घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आपल्या वर्ध्यालाही एक ज्यू पाहुणा येऊन राहिला होता. गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेपासूनचे स्नेही, वास्तुविशारद हर्मन कालेनबाख, 1939 मध्ये शेगावला आले होते. हेच गाव 1940 पासून सेवाग्राम झाले.

1948 मध्ये इस्रायलची स्थापना झाली आणि पुढच्या काही दशकांत बेने इस्रायल समाजातील बहुसंख्य लोक तिकडे गेले. तरणी मुले गेली, काही म्हातारी माणसे मागे राहिली. मुंबई-ठाण्याच्या जुन्या घरांत एकटे उरलेल्या अशा वृद्धांची काळजी समाजातील संस्थांना आणि 'जॉइंट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, 1914 मध्ये स्थापन झालेल्या ज्यू सेवासंस्थेला वाहावी लागली. जी म्हातारी माणसे मुलांबरोबर गेली त्यांची वेगळीच अडचण. स्मृती जाऊ लागली की उशिरा शिकलेली भाषा अनेकदा आधी जाते आणि लहानपणची मागे उरते. अशा आजीने तिकडच्या वृद्धाश्रमात हिब्रू बोलणाऱ्या परिचारिकेकडे मराठीत पाणी मागितले तर काय होईल, याची कल्पना करून पाहा. आपली मुले पुण्या-बंगळूरला आणि आखातात जाऊ लागली आहेत. त्यांच्यावर जे आधी गुजरले ते आता आपल्या दारात आले आहे.

मान म्हणजे नेमके काय?

ज्यू शास्त्र्यांनी 'मान राखणे' हे शब्द मोघम ठेवले नाहीत. तालमूद या त्यांच्या ग्रंथात विचारले आहे की मान म्हणजे काय आणि आदर म्हणजे काय? उत्तर अगदी घरगुती आहे. मान म्हणजे आईवडिलांना खाऊपिऊ घालणे, अंगावर वस्त्र घालणे, पांघरूण देणे, हात धरून आत नेणे, बाहेर आणणे. आदर म्हणजे त्यांच्या जागेवर न बसणे, चारचौघांत त्यांचे म्हणणे खोडून न काढणे. यात 'प्रेम वाटणे' असा शब्दच नाही. वाटणे आपल्या हाती नसते. पांघरूण घालणे असते.

पण लगेच त्या शास्त्र्यांना एक शंका आली. हे सगळे केले आणि मन कडवट असले तर? त्यावर त्यांनी दोन मुलांची गोष्ट सांगितली. एक मुलगा बापाला पोसलेली कोंबडी खाऊ घालीत असे. बापाने विचारले, बाळा, हे तुला कसे परवडते? मुलगा म्हणाला की म्हाताऱ्या, कुत्री खातात तसा मुकाट्याने खा. दुसरा मुलगा जात्यावर दळण दळीत असे. राजाची वेठबिगार आली तेव्हा त्याने बापाला जात्यावर बसवले आणि स्वतः वेठीला गेला, कारण तिथे मार आणि अपमान व्हायचा असेल तर तो आपला होवो, बापाचा नको. शास्त्री म्हणतात, कोंबडी खाऊ घालणारा नरकाचा धनी झाला आणि बापाला दळायला लावणारा स्वर्गाचा.

ही गोष्ट वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. माझे वडील शेवटपर्यंत माझ्याच घरी होते. लोक आजही माझे कौतुक करतात. पण शेवटच्या वर्षी ते एकच प्रश्न दिवसातून वीसदा विचारीत, "आज वार कोणता?" आणि मी कितीतरी वेळा ताट त्यांच्यासमोर आदळून म्हटले आहे, "जेवा आता गुमान." फाटकाजवळच्या लोकांनी ते ऐकले नाही. आईबापांना घरात ठेवूनही टाकता येते, हे मला तेव्हा कळायला हवे होते.

आपल्या सरकारने 2007 मध्ये आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला. निर्वाहखर्चासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. वृद्धाला सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. असा कायदा लागला हीच लाजेची गोष्ट, पण तो आवश्यक होता. 2011 च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसे दहा कोटींहून अधिक होती. मात्र कायदा मुलाकडून पैसे मिळवून देईल. कोंबडी मिळेल, गोड शब्द त्याला मिळवून देता येणार नाही.

दोन गुरूंचा वाद

आता मूळ प्रश्न. आईची सेवा दुसऱ्याच्या हाती देणे योग्य आहे का?

तालमूदमध्ये रब्बी असी नावाच्या शास्त्र्याची कथा आहे. त्याच्या म्हाताऱ्या आईने दागिने मागितले, त्याने आणून दिले. तिने नवरा मागितला, तो म्हणाला बघतो. मग ती म्हणाली, तुझ्यासारखाच देखणा हवा. तेव्हा तो घर सोडून दूर इस्रायल देशी निघून गेला. पुढे त्याला कळले की आई आपल्यामागे येत आहे. तो निघाला, आणि मग कळले की येत आहे ती तिची शवपेटी. आधी कळते तर निघालोच नसतो, असे तो म्हणाला. ज्याने आईचे भ्रमिष्टपण जवळून पाहिले आहे त्याला ही कथा समजावून सांगावी लागत नाही.

बाराव्या शतकात मायमोनिदेस हा थोर ज्यू पंडित होऊन गेला. तो इजिप्तमध्ये राहत असे आणि व्यवसायाने वैद्य होता. त्याने लिहिले की आईवडिलांची बुद्धी भ्रमिष्ट झाली तर मुलाने त्यांच्या कलाने घेत, देवाची दया होईपर्यंत त्यांच्यासोबत राहण्याचा प्रयत्न करावा. पण भ्रम फार वाढला आणि राहणे अशक्यच झाले तर त्याने दूर व्हावे आणि त्यांची योग्य काळजी घेण्याचे काम दुसऱ्यांवर सोपवावे.

त्याच काळात फ्रान्समध्ये अब्राहाम बेन दाविद नावाचा दुसरा गुरू होता. त्याने यावर कडक आक्षेप घेतला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की हा निर्णय बरोबर नाही. मुलगाच सोडून गेला तर तो सोपवणार कोणावर?

आठशे वर्षे होऊन गेली, वाद अजून जिवंत आहे. मला वाटते दोघेही खरे बोलत आहेत. वैद्य असलेला मायमोनिदेस माणसाची ताकद कुठे संपते ते जाणतो. मणका सरकलेल्या सुनेला तो पापी म्हणणार नाही. आणि दुसरा गुरू आपल्याला पळवाट ठेवत नाही. 'सोपवले' हा शब्द उच्चारणे सोपे, पण कोणावर? त्या माणसाचे नाव काय? त्याचा हात मऊ आहे का? तू पुन्हा तिथे कधी गेलास?

यावरून मला आपल्या मराठीतील दोन शब्दांतला फरक उमगला. टाकणे आणि सोपवणे. टाकलेल्या वस्तूकडे आपण मागे वळून पाहत नाही. सोपवलेली ठेव मात्र आपलीच असते. तिची चौकशी करावी लागते, जाऊन पाहावे लागते.

क्रुसाखाली

योहानच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात प्रभू येशू क्रुसावर आहे. अंगात त्राण नाही, श्वास घेणे कठीण. तशाही स्थितीत त्याची नजर आईकडे गेली आणि त्याने तिला आपल्या प्रिय शिष्याकडे सोपवले. त्या घटकेपासून शिष्याने तिला आपल्या घरी नेले. म्हणजे देवाच्या पुत्रानेही आपल्या आईची काळजी दुसऱ्याच्या हाती दिली. कोणाच्या हाती, याचे उत्तरही तिथेच आहे: ज्याच्यावर त्याचा जीव होता आणि जो क्रुसापासून पळाला नाही, त्याच्या.

मात्र या उताऱ्याचा सोयीस्कर अर्थ लावू नये. प्रभू क्रुसावर होता. त्याचे हात खिळलेले होते. आपले हात खरोखर खिळलेले आहेत की केवळ गुंतलेले आहेत, हे ज्याने त्याने देवासमोर तपासावे. आजार, गरिबी, दोघांची नोकरी, अंथरुणाला खिळलेली पत्नी, हे खिळे आहेत. पाहुण्यांसमोर म्हातारीची लाज वाटते, खोली भाड्याने देता येईल, हे खिळे नव्हेत. देवाचे कामही सबब होऊ शकत नाही. मार्कच्या सातव्या अध्यायात, आईबापांना द्यायचे ते देवाला वाहिले आहे असे सांगून हात झटकणाऱ्यांना प्रभूने चांगलेच खडसावले आहे. चर्चच्या समित्यांत धावपळ करणाऱ्या आपणा सर्वांना हा अध्याय लागू आहे.

आणखी एक गोष्ट पुरुषांनी मनावर घ्यावी. "आम्ही आईला घरीच ठेवले" असे मुलगा अभिमानाने सांगतो तेव्हा रात्री उठणारे हात बहुधा सुनेचे असतात. आज्ञा मुलाला आहे. पुण्य त्याचे आणि पाठ तिची, असा हिशेब देवापुढे चालणार नाही.

परक्याच्या हातची सेवा

रक्ताच्या नात्याशिवाय खरी सेवा होत नाही, असे कुणाला वाटत असेल तर त्याने येथून जवळच असलेल्या सेवाग्राम आश्रमात जाऊन परचुरे कुटी पाहून यावी. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे विद्वान. कुष्ठरोग झाला आणि त्यांना जगात जागा उरली नाही. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले, आपल्या कुटीपासून जवळच त्यांची कुटी उभी केली आणि स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळले. ना नाते, ना गोते.

आपल्या पवित्र सभेतही असे उदाहरण आहे. 1839 च्या हिवाळ्यात फ्रान्समधील सें-सेर्वां गावात जान जुगाँ नावाच्या मोलमजुरी करणाऱ्या स्त्रीने एका अंध, निराधार म्हातारीला घरी आणले आणि स्वतःचा बिछाना तिला दिला. त्या एका बिछान्यातून 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' ही धर्मभगिनींची संस्था उभी राहिली. तिची वृद्धाश्रमे आपल्या देशातही आहेत. 2009 मध्ये जान जुगाँला संतपद मिळाले.

ज्यू समाजाने चालवलेल्या वृद्धाश्रमांची रीतही शिकण्यासारखी आहे. हिब्रू भाषेत वृद्धाश्रमाला 'बेत अवोत' म्हणतात. अर्थ, वडीलधाऱ्यांचे घर. अशा आश्रमांत औषधपाण्याइतकेच माणसाच्या जन्मभराच्या चालीरीतींना महत्त्व असते. मांसाची आणि दुधाची भांडी वेगळी ठेवतात. शुक्रवारी सांजवेळी शब्बाथाचे दिवे लागतात. आगीची भीती असेल तिथे खोल्यांत विजेचे दिवे लावतात. शब्बाथाला विजेचे बटण दाबायचे नसते, म्हणून कित्येक ठिकाणी लिफ्ट आपोआप प्रत्येक मजल्यावर थांबते. हिटलरच्या छळछावण्यांतून वाचलेली माणसे तिथे म्हातारी झाली. त्यांच्यापैकी कुणी उशीखाली पाव लपवून ठेवतात, कुणी न्हाणीघरातल्या फवाऱ्याला घाबरतात, कुणी रांगेत उभे राहायला सांगितले की थरथरतात. जाणती परिचारिका रागावत नाही. ती पाव उशीखाली राहू देते आणि फवाऱ्याऐवजी ओल्या फडक्याने अंग पुसते. माणूस मागचे सगळे विसरला तरी भय विसरत नाही, हे तिला शिकवलेले असते.

आपल्या माणसांचेही असेच आहे. आपल्या आजीला गोळ्या वेळेवर मिळाल्या, पण संध्याकाळी हातात रोझरी नाही, रविवारी ख्रिस्तप्रसाद नाही, नाताळात कुणी दारात गाणी गायला आले नाही, तर ती परक्या देशात मरते आहे असेच म्हणावे लागेल. आणि हे काम आश्रमाचे नाही, आपले आहे.

फुटलेल्या पाट्या

शेवटी ज्यू शास्त्र्यांचा एक विचार सांगतो. मोशेने सोन्याचे वासरू पाहून रागाने आज्ञांच्या पाट्या फोडल्या, आणि देवाने दुसऱ्या दिल्या, हे आपण जाणतो. फुटक्या पाट्यांचे काय झाले? शास्त्री म्हणतात, त्याही कराराच्या कोशात, अखंड पाट्यांच्या शेजारीच ठेवल्या होत्या. म्हणून, ज्या वृद्धाला आपण शिकलेले सर्व आठवेनासे झाले त्याचा अवमान करू नका.

आपल्या बायबलमधील बेन सिराच्या ग्रंथातही तिसऱ्या अध्यायात हेच आहे. वडिलांची बुद्धी क्षीण झाली तरी समजून घ्यावे, आपण धडधाकट आहोत म्हणून त्यांना हिणवू नये. पवित्र कुटुंबाच्या सणाला आपण तो अध्याय मिस्सात ऐकतो.

इस्रायली लोकांनी रानातून चालताना फुटक्या पाट्यांचा कोश मिळून खांद्यावर वाहिला. एकट्याच्या खांद्यावर तो टाकला नाही. मला वाटते, निंबाखाली थांबलेल्या त्या गृहस्थांना याहून चांगले उत्तर माझ्याकडे नाही. भाऊ, तुम्ही पाप केले नाही. तुम्ही खांदा बदलला. फक्त कोश आपला आहे हे विसरू नका. महिन्यातून दोनदा जाता, ते चालू ठेवा. आई ओळखत नसली तरी जा. ती तुम्हाला ओळखत नाही, पण तुम्ही तिला ओळखता.

आणि आम्हा बाकीच्यांना? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2021 पासून जुलै महिन्यातील चौथा रविवार आजीआजोबांचा व वृद्धांचा दिवस ठरवून दिला आहे. आजीआजोबा असलेल्या संत योआकिम व संत अन्ना यांचा सण 26 जुलैला येतो, त्याच्या आसपास हा रविवार पडतो. पण तेवढ्या एका रविवारची वाट पाहण्याची गरज नाही. आपला धर्मग्राम लहान आहे. घराबाहेर पडू न शकणारे वृद्ध हातांच्या बोटांवर मोजता येतील. पहिल्या शुक्रवारी फादर ख्रिस्तप्रसाद घेऊन त्यांच्याकडे जातात तेव्हा सोबत एक तरुण आणि एक कुटुंब जावे. ज्या घरी एकच सून रात्रंदिवस सेवा करते, तिथे शेजारच्या वाडीतल्या बायकांनी आठवड्यातून एक दुपार बसावे, म्हणजे ती बाजारात जाऊन येईल किंवा नुसती झोपेल. ज्यांचे आईवडील आश्रमात आहेत त्यांना सवड नसेल तेव्हा आपल्यापैकी कुणी जाऊन यावे आणि निरोप आणावा. नावे चर्चच्या कार्यालयात द्यावीत.

आणि फाटकाजवळ बोलण्याआधी क्षणभर थांबावे.

प्रार्थना: हे परमपित्या, तू आमच्या म्हाताऱ्या माणसांना विसरत नाहीस. ज्यांचे हात थकले त्यांना दुसऱ्याचे हात दे. ज्यांचे हात मोकळे आहेत त्यांना काम दे. आम्ही घरात ठेवून ज्यांना टाकले त्यांची आम्ही क्षमा मागतो. आमेन.